मुलगा सोबत : होय

माझ्या वडिलांनी बावीस वर्षांत एक्केचाळीस चुका केल्या, हे मी मंडळाच्या सभेत पडद्यावर दाखवून सिद्ध केलं, तेव्हा टाळ्या पडल्या. सगळ्यात आधी बाबांनीच वाजवल्या. ते नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. मला वाटलं, बरं झालं, मनाला लावून घेतलं नाही.

चुका कसल्या, ते आधी सांगतो. रायपुरात आम्हा मराठी लोकांचं एक स्नेहवर्धक मंडळ आहे. आमची घराणी इथे नागपूरकर भोसल्यांच्या राज्यापासून, म्हणजे आम्ही इतके जुने की आमची मुलं आता मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात. या मंडळाचं बूढ़ापारा वस्तीत, तलावामागच्या गल्लीत ‘विश्रांती’ नावाचं वृद्धनिवास आहे. खोल्या अकरा. अर्ज वर्षाला बारा-पंधरा येतात आणि खोली रिकामी होते एखादी, फार तर दोन. तेव्हा कोणाला घ्यायचं आणि कोणाला थांबवायचं हे कोणीतरी ठरवावं लागतं, आणि ज्याला नाही म्हटलं त्याच्या शिव्याही कोणीतरी खाव्या लागतात. ही दोन्ही कामं रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून माझे वडील श्यामराव करत आले.

त्यांची पद्धत साधी होती. अर्ज आला की ते न कळवता त्या घरी जायचे, तासभर बसायचे, आणि परत येऊन एका लांबट हिरव्या रजिस्टरात चारपैकी एक शब्द लिहायचे. थांबा, बघू, लवकर, तातडी. खोली रिकामी झाली की ‘तातडी’वाल्याला बोलावणं जायचं. बाबांना का म्हणून विचारलं, तर ते म्हणायचे, “जाऊन पाहिलं ना मी.” हे उत्तर बावीस वर्षं पुरलं.

पण बाबा ऐंशीचे झाले, गुडघे कुरकुरायला लागले. मंडळाच्या अध्यक्ष विनोदिनीताई एक दिवस मला म्हणाल्या, “शेखरभाऊ, काकांच्या नंतर हे कोण पाहीन? तुम्ही तं कम्प्युटरवाले. काही करा ना.” शिवाय भार्गव नावाचे आमचे एक कार्यकारिणी सदस्य आहेत. त्यांच्या मावशीला बाबांनी कधीकाळी ‘बघू’ दिलं होतं. तेव्हापासून ते दर सभेत ‘पारदर्शकता’ हा शब्द एकदा तरी उच्चारतात.

मी एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात संगणक विभागाचा प्रमुख आहे. विद्यार्थ्यांना जे शिकवतो ते घरच्या कामी येण्याचा हा पहिलाच प्रसंग होता, त्यामुळे मी कंबर कसली. बावीस वर्षांचे तीनशे सहा अर्ज रजिस्टरातून संगणकात चढवले. वय, आजार, चालणं-फिरणं, दिसणं-ऐकणं, जोडीदार, मुलगा सोबत आहे की नाही, असे नऊ रकाने केले. शेवटचा रकाना ‘शेरा’ होता. त्यात बाबांनी बारीक अक्षरात काहीबाही दोन-तीन ओळी लिहिलेल्या असायच्या. तो मी वगळला. त्यातून आकडे निघत नव्हते.

मग मी यंत्राला शिकवायला बसलो. लोकांना वाटतं, यंत्राला नुसते अर्ज दाखवले की ते शिकतं. तसं नाही. त्याला पहिल्यांदा हे सांगावं लागतं की हे चार शब्द म्हणजे चार वेगवेगळी टोपली नव्हेत, एका जिन्याच्या चार पायऱ्या आहेत. तातडीच्या माणसाला ‘लवकर’ म्हटलं तर एका पायरीची चूक, ‘थांबा’ म्हटलं तर तीन पायऱ्यांची. दुसरं असं की काही गोष्टी आधीच बजावून ठेवाव्या लागतात. बाकी सगळं सारखं असताना वय वाढलं, तर माणूस खालच्या पायरीवर जाता कामा नये. आजार वाढला, तरीही नाही. आणि मुलगा सोबत असेल, तर माणूस वरच्या पायरीवर जाता कामा नये. यासाठी प्रत्येक रकान्यापुढे एक आकडा लिहायचा असतो. अधिक एक म्हणजे गरज वाढवणारा, उणे एक म्हणजे गरज कमी करणारा. शून्यही लिहिता येतो. शून्य म्हणजे, मला ठाऊक नाही बाबा, तूच शोध. मी एकाही रकान्यापुढे शून्य लिहिला नाही. विभागप्रमुख माणूस शून्य लिहीत नसतो.

‘मुलगा सोबत’ या रकान्यापुढे मी उणे एक लिहिला. त्यावर मी अर्ध्या सेकंदाहून जास्त विचार केल्याचं मला आठवत नाही.

बंगळुरूला शिकणाऱ्या माझ्या मुलीला, गंधालीला, मी मोठ्या हौसेने फोनवर हे सगळं समजावलं. ती हसली. “पापा, बेटा साथ है तो माइनस वन? ये तो आपने ख़ुद को ही मार्क्स दे दिए!” मी म्हटलं, तू तुझा अभ्यास कर.

तर, या नियमांशी बाबांचे जुने निर्णय ताडून पाहिले आणि एक्केचाळीस ठिकाणी ते उलटे निघाले. सभेत मी त्यातली एक जोडी पडद्यावर लावली, नावं झाकून. अर्ज एकशे बारा : बाई, वय एक्क्याऐंशी, एकट्या राहतात, मोतीबिंदू. निर्णय, ‘बघू’. अर्ज एकशे एकतीस : बाई, वय चौऱ्याहत्तर, तब्येत ठणठणीत, डॉक्टर मुलगा आणि सून सोबत, घर दुमजली. निर्णय, ‘तातडी’.

सभागृहात कुजबुज झाली. विनोदिनीताईंनी चष्मा वर सरकवला. “हे तं एकदम साफ दिसून राहिलं, शेखरभाऊ.”

“मी सांगतच होतो,” भार्गव म्हणाले. “काकांचं काही ना काही सेटिंग असणार. बड्या लोकांच्या घरी चहा-नाश्ता बरा मिळते.”

मी उदारपणे हात वर केला. म्हटलं, सेटिंग वगैरे काही नाही, मानवी मर्यादा असते. नव्या पद्धतीत हे एक्केचाळीस निर्णय मी सुधारून घेतले आहेत आणि त्यांवरच यंत्राला तयार केलं आहे. आता कोणाच्या घरी जाण्याचीही गरज नाही, फॉर्म भरला की दोन सेकंदांत निकाल. तेव्हा त्या टाळ्या पडल्या. पुढच्या रविवारी सात नंबरच्या खोलीचा निकाल यंत्राने द्यायचा असं ठरलं. तिथले काका भिलाईला मुलीकडे राहायला गेले होते आणि खोलीसाठी तोवर पाच अर्ज आले होते.

घरी जाताना गाडीत बाबा म्हणाले, “एक्केचाळीसच निघाल्या? मले वाटलं होतं जास्त निघतीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तांदळाचा चीला खाता खाता त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्या ताटाशेजारी ठेवला. “हे एक टाकजो तुझ्या मशीनमंदी.”

तो सात नंबरच्या खोलीसाठीचा सहावा अर्ज होता. नाव श्यामराव, वय ऐंशी, आजार गुडघेदुखी, पत्नी हयात नाही, मुलगा सोबत : होय. ‘कारण’ या रकान्यात काहीच लिहिलं नव्हतं.

क्षमाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातातलं उलथणं हातातच राहिलं. “बाबा, हे काय? आमचं काही चुकलं का? काही कमी पडून राहिलं का तुम्हाला?”

“नाही ओ. काहीच कमी नाही,” बाबा म्हणाले. आणि ते खरंच होतं. आई, म्हणजे कुसुम, गेल्यापासून चार वर्षं आम्ही बाबांना इकडची काडी तिकडे करू दिलेली नाही. स्वयंपाकघर आम्ही नवं करून घेतलं. एकदा त्यांच्या हातून दूध उतू गेलं आणि गॅस विझून वास सुटला, तेव्हापासून त्यांना ओट्याकडे फिरकू देत नाही. ते उठले की आम्ही दोघंही एका सुरात म्हणतो, “बसा बाबा.” तात्यापाऱ्यात आमच्या आळीत आमच्या घराचा दाखला देतात. मी स्वतः ऐकलं आहे.

म्हणून मी हसलो. क्षमाला म्हटलं, “अगं, बाबा मशीनची परीक्षा घेऊन राहिले.”

“हव,” बाबा म्हणाले. “तसंच समज.”

मी त्यांच्यादेखतच अर्ज चढवला. यंत्राने दोन सेकंदांत सांगितलं, ‘थांबा’. शंभरात सत्त्याण्णव खात्री. पाच अर्जांमध्ये पुरानी बस्तीतल्या इरावतीबाई ‘तातडी’त होत्या, बाकीचे मध्ये कुठेकुठे, आणि बाबा पार तळाला. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. एवढी चोख परीक्षा यंत्र पास झालं याचा मला इतका आनंद झाला होता, की तो त्यांनाही होईल असं मी धरून चाललो.

बाबांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. “बरोबर आहे,” म्हणाले. “ज्याच्या घरी पोट्टा आहे, त्यानं थांबावं.” मग उठून खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत जाऊन बसले. अर्ज मात्र परत मागितला नाही.

बुधवारी विनोदिनीताईंचा फोन आला. भार्गव एक्केचाळीस चुकांवरून गावभर काय काय सांगत सुटले होते. “शेखरभाऊ, एक नोट बनवा. काकांनी मुद्दाम केलं नाही, असं काहीतरी. सभेत वाचू अन् विषय संपवू.”

बाबांचं नाव राखायचं तर चुकांना एखादं सभ्य कारण शोधायला हवं होतं. गुरुवारी कॉलेजला सुट्टी टाकून मी एक्केचाळीस अर्जांची यादी आणि हिरवी रजिस्टरं घेऊन बसलो. पहिल्या दहा मिनिटांतच एक गोष्ट दिसली. उलट्या निघालेल्या एक्केचाळीसपैकी अडतीस अर्जांत ‘मुलगा सोबत : होय’ होतं. बाबांचं चुकत होतं ते वाटेल तिथे चुकत नव्हतं. ते एकाच जागी, एकाच बाजूला, बावीस वर्षं न चुकता चुकत होते. विद्यार्थ्याने असा निकाल आणला असता तर मी त्याला म्हटलं असतं, गाढवा, चूक निर्णय देणाऱ्याची नाही, तुझा नियम तपास. स्वतःला मात्र मी काही म्हटलं नाही. पण पहिल्यांदाच मी तो वगळलेला शेवटचा रकाना वाचायला घेतला.

“क्र. ४८. घर मोठं, माणसं चांगली. पाणी मागितलं. आजोबा उठले, सुनेकडे पाहिलं, परत बसले. तातडी.”

“क्र. ११२. एकटी. पाणी मागितलं. डोळ्याला कमी दिसतं, पण पेला कुठे आहे ते हाताला ठाऊक. पाण्यासोबत गूळ दिला. मी निघालो तं म्हणे एवढ्यात चालले का. बघू.”

“क्र. १३१. मुलगा डॉक्टर. पाणी मागितलं. म्हणाल्या, आत्ता घरात कोणी नाही, थोडं थांबता का? स्वयंपाकघर दहा पावलांवर. तातडी.”

“क्र. २०७. मुलगा, सून दोघंही भले. आजी म्हणाल्या, आजकाल कुठे काय ठेवतात ते मले सांगत नाहीत. लवकर.”

प्रत्येक शेऱ्यात पाणी होतं. एकही घर सुटलं नव्हतं. बावीस वर्षं माझे वडील लोकांच्या घरी जाऊन पेलाभर पाणी मागत होते आणि ते कोण आणतं, कसं आणतं, कोणाला विचारून आणतं, हे लिहून ठेवत होते. आणि मी ते वगळलं होतं, कारण त्यातून आकडे निघत नव्हते.

एकशे एकतीस क्रमांकाच्या बाई कोण, हे रजिस्टरात नावानिशी होतंच. पद्मिनीबाई, ‘विश्रांती’तली तीन नंबरची खोली. मी स्कूटर काढली आणि बूढ़ापाऱ्यात गेलो. बारा वर्षं झाली त्यांना तिथे. आता शहाऐंशीच्या आहेत. मी टेकतो न टेकतो तोच त्या उठल्या, कोपऱ्यातल्या माठातून पाणी काढलं, पेला फडक्याने पुसून माझ्या हातात दिला आणि मग विचारलं, “तू श्यामरावांचा शेखर ना? काहून आला?”

मी आडवळणाने विचारलं. मुलगा डॉक्टर, सून चांगली, घर दुमजली, मग बाबांनी तुम्हाला तातडीत का घातलं? आणि एकशे बारा नंबरच्या अर्जातल्या एकट्या बाईंना, त्यांचं नाव घेऊन विचारलं, नुसतं ‘बघू’ का?

“ते तुह्या बापालेच विचार,” त्या म्हणाल्या. मग स्वतःच बोलल्या. “माझा पोट्टा वाईट नाही रे. वाईट असता तं सोपं होतं, मी भांडली असती. मले काही करूच देत नव्हते. आई बस, आई बस. मी बसून राहिली. बसून बसून एक दिवस अशी वेळ आली की स्वतःच्या घरात पाहुण्याले पाणी द्यायले भ्याली मी. चांगल्या पोट्ट्याची तक्रार कोणापाशी करशील?”

मी पाणी प्यालो.

“अन् ती एकशे बारावाली म्हणतो ना, ती माझी मैत्रीण झाली होती,” पद्मिनीबाई म्हणाल्या. “शेवटपर्यंत आपल्या घरी राहिली. इथं यायची पत्ते खेळायले. तिले खोली दिली असती तं सहा महिन्यांत गेली असती. श्यामरावाले बरोबर कळलं होतं.”

घरी आलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. क्षमा गच्चीवर वाळत घातलेल्या उडदाच्या बिजोऱ्या उलटत होती. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. त्यांच्या अर्जाचा शेरा कोरा आहे, हे मला वाटेतच लक्षात आलं होतं. आजवर सगळ्यांचे शेरे त्यांनी लिहिले, त्यांचा कोण लिहिणार? मी त्यांच्या समोर, पाहुणे बसतात त्या जागी बसलो. असा मी कधी बसत नाही. आणि म्हटलं, “बाबा, पाणी देता का?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करतो आहे ते त्यांना तत्क्षणी कळलं. बावीस वर्षं ज्याने हा प्रश्न विचारला, त्याला तो ओळखू येणारच. ते खोटं वागू शकत होते. झटकन उठून काहीतरी आणू शकत होते. ते उठलेही. गुडघ्यावर हात ठेवून उभे राहिले, दोन पावलं स्वयंपाकघराकडे टाकली आणि दारात थांबले. आत नव्या कपाटांचे सगळे खण बंद होते, एकसारखे, विनामुठीचे. हे घर बाबांनी बांधलं आहे. ओट्याची खिडकी उगवतीला घ्यायची की मावळतीला, यावरून ते आणि आई आठ दिवस भांडले होते. त्या दारात ते हात मागे बांधून उभे राहिले.

“क्षमाले येऊ दे खाली,” ते म्हणाले. “मले नाही सापडत रे तिथं काही.”

मला रडू आलं. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे, माझ्या हाताखाली चौदा प्राध्यापक आहेत, आणि मी पाहुण्यांच्या जागी बसून रडलो. बाबा परत येऊन आपल्या खुर्चीत बसले आणि माझं होईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

शुक्रवारी आणि शनिवारी मी उरलेल्या पाचही घरी जाऊन आलो, न कळवता. पाचही ठिकाणी पाणी मागितलं. रविवारी सकाळी लॅपटॉप उघडला. सुधारलेले एक्केचाळीस निर्णय मी होते तसे परत लिहिले. शेऱ्याचे रकाने वाचून पाण्याचा एक नवा रकाना केला, स्वतः उठून आणलं, विचारून आणलं, आणलंच नाही, असा. तोही पायऱ्यांचाच निघाला. मग ‘मुलगा सोबत’पुढचा उणे एक खोडला. गरज वाढवणारा अधिक एक लिहायला माझा हात धजेना, आणि तो खराही नव्हता. भले मुलगेही असतात, पाणी आणणारे आईबापही असतात. शेवटी मी तिथे शून्य लिहिला. मला ठाऊक नाही, तूच शोध.

यंत्राने पुन्हा दोनच सेकंद घेतले. इरावतीबाई, ‘तातडी’. अर्ज क्रमांक सहा, ‘तातडी’. खोली एक.

सभेला गर्दी होती. भार्गव पहिल्या रांगेत बसले होते. मी उभा राहून सांगितलं की एक्केचाळीस चुका श्यामरावांच्या नव्हत्या. चूक एकच होती आणि ती माझी होती. मुलगा घरात असला की माणसाची गरज कमी होते, असं मी यंत्राला बजावलं होतं. आता तिथे शून्य आहे, आणि नव्या निकालात दोन अर्ज ‘तातडी’ आहेत, इरावतीबाईंचा आणि श्यामरावांचा.

“शून्य म्हणजे?” भार्गवांनी विचारलं. “घरात मुलगा असला काय अन् नसला काय, सारखंच? असं कसं चालीन?”

“आधीपासून धरून चालायचं नाही, एवढंच,” मी म्हटलं. “जाऊन पाहायचं.”

“अन् काकांच्या घरी कोण गेलं होतं पाहायला?”

“मी गेलो होतो,” मी म्हटलं आणि हिरवं रजिस्टर उघडलं. दोन्ही ‘तातडी’ अर्जांचे शेरे वाचायचं मी ठरवलं होतं. इरावतीबाईंचा आधी वाचला. “क्र. २. एकटी. पाणी मागितलं. चाचपत उठल्या, पेला सापडला, माठ रिकामा. नळ खाली आहे, कालपासून कोणी पाणी भरून दिलं नाही. मलाच म्हणाल्या, तुला तहान लागली असेल ना रे.” मग बाबांचा वाचला. “क्र. ६. घर त्यांनीच बांधलेलं. मुलगा, सून सोबत. पाणी मागितलं. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. सुनेला येऊ दे म्हणाले. तातडी.”

क्षमा बायकांच्या रांगेत खाली मान घालून बसली होती. शेरा मी तिला आदल्या दिवशीच वाचून दाखवला होता, तेव्हापासून तिचा डोळा सुकला नव्हता. विनोदिनीताई हळूच म्हणाल्या, “मंग आता दोघांपैकी कोणाले द्यायची?”

“ओ ताई, एक मिनिट.” दाराजवळच्या खुर्चीवरून बाबांचा आवाज आला. “सहा नंबर चुकला आहे. तातडी नाही ते. बघू लिही.”

“काहून बाबा?” मी विचारलं. इतक्या लोकांत मी त्यांच्याशी आमच्या घरच्या बोलीत बोललो, हे मला नंतर कळलं.

“बावीस वर्षांत तीनशे घरी पाणी मागितलं मी,” बाबा म्हणाले. “एकाही पोट्ट्यानं आपल्या बापाले पाणी मागून पाहिलं नव्हतं. तू मागितलं. उशिरा मागितलं, पण मागितलं. त्याच्या दोन पायऱ्या कमी कर.”

“अन् मंग खोली?”

“इरावतीबाईले दे. आजच घेऊन ये तिले. तिचा माठ रिकामा आहे अन् तू इथं भाषण देऊन राहिला.”

भार्गवांनी त्या सभेत पारदर्शकता हा शब्द उच्चारला नाही. मी ‘तातडी’वर काट मारली आणि बाजूला ‘बघू’ लिहिलं. बावीस वर्षं लोक ज्या शब्दावरून बाबांना शिव्या देत होते, तो मला मिळाला, आणि मी तो दोन्ही हातांनी घेतला.

इरावतीबाईंना सात नंबरात पोचवून आम्ही घरी आलो. दार उघडल्यावर बाबा आपल्या खुर्चीकडे गेले नाहीत. सरळ स्वयंपाकघरात शिरले. त्यांनी पहिला खण ओढला, त्यात डबे होते. दुसऱ्यात झारे-चमचे. क्षमाच्या ओठांवर ‘बसा’ हा शब्द आलेला मला दिसला, माझ्याही आला होता. आम्ही दोघांनीही तो गिळला. तिसऱ्या खणात ताटं निघाली. बाबांना वाकून खालचा खण उघडायला वेळ लागला, गुडघा वाजला, आणि आम्ही दोघं बाहेर उभे राहून वाट पाहत होतो. पेले चौथ्या खणात होते.